वेलचीचं इसेन्शियल ऑइल डिफ्युझरमध्ये वापरावं का? घरात अडीच वर्षांचं पोरगं आहे

चिपळूणची_लेक

नमस्कार मंडळी. आधी कुणी या विषयावर धागा काढला असेल तर लिंक द्या, मला शोधून सापडला नाही.

नणंदेने वाढदिवसाला डिफ्युझर दिलाय, तो पाणी घालून धुकं सोडणारा, रंगीत लाइटवाला. सोबत चार बाटल्या, लव्हेंडर, लेमनग्रास, पेपरमिंट आणि वेलची. बाकीच्या तीन जशाच्या तशा पडल्यात पण वेलचीचा वास मला जाम आवडलाय, ऑफिसातून आल्यावर लावला की डोकं जरा शांत होतं, खोटं कशाला बोलू. आता अडचण अशी की लेक अडीच वर्षांचा आहे, आमच्याच खोलीत झोपतो आणि त्याला सारखी सर्दी. सासऱ्यांना दमा आहे, पंप घेतात. सासूबाईंचं म्हणणं वेलची खायचीच वस्तू, पोरं दुधातून पितात, तिच्या तेलाने काय होणारे. नवऱ्याचं म्हणणं कुणी काही गिफ्ट दिलं म्हणून लगेच नाकात घालायची गरज नाही. मी मध्ये.

त्यात फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड फिरतोय की कोमट पाण्यात दोन थेंब टाकून प्यायलं की गॅस, अ‍ॅसिडिटी, पोट सुटणं सगळं जातं, आणि बाळाच्या छातीला आणि नाकाखाली चोळलं की सर्दी पळते. माहेरी जाताना कुंभार्ली घाटात मला आणि लेकाला दोघांनाही गाडी लागते, त्यासाठी रुमालावर टाका म्हणे. यातलं काय करायचं, काय नाही? बाटलीवर फक्त 'कार्डमम ऑइल, १००% नॅचरल, थेराप्युटिक ग्रेड' एवढंच आहे, १० मिली. जाणकारांनी प्रकाश टाकावा, आणि प्लीज 'डॉक्टरांना विचारा' एवढं एकच वाक्य लिहून जाऊ नका, ते तर विचारणारच आहे.


गोळीवाला

फार्मसीत बसतो, डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो.

सासूबाईंच्या मुद्द्यापासून सुरू करू कारण तो सगळ्यात जास्त ऐकायला मिळतो. खायची वेलची आणि वेलचीचं तेल यात फरक प्रमाणाचा आहे. किलोभर वेलचीतून वाफेवर ऊर्ध्वपातन करून साधारण ५० मिलीच्या आसपास तेल निघतं, माल कसा आहे त्यावर कमीजास्त. म्हणजे तुमच्या १० मिलीच्या बाटलीत, ती खरी असेल तर, २०० ग्रॅम वेलची आहे. श्रीखंडात आपण चार-पाच वेलच्या घालतो. फॉरवर्डमधले दोन थेंब म्हणजे दोनेक ग्रॅम वेलचीतलं तेल, तेसुद्धा दुधातुपाशिवाय, नुसतं. बरं तेल पाण्यात विरघळत नाही, ते वर तवंग होऊन तरंगतं आणि पहिल्या घोटालाच अख्खं जिभेला घशाला लागतं, जळजळ होते. त्यामुळे पिण्याचा विषय बंद. तो फॉरवर्ड कुणाला पुढे पाठवू नका एवढीच विनंती.

आता तेलात असतं काय. दोन मोठे घटक, एक टर्पिनाइल अ‍ॅसिटेट, ज्याचा गोडसर वास येतो, आणि दुसरा १,८-सिनिओल, ज्याला युकॅलिप्टॉल पण म्हणतात. हो, तोच, निलगिरीतला. निलगिरीच्या तेलात तो सत्तर-ऐंशी टक्के असतो, वेलचीत साधारण पाव ते अर्धा. तुमच्या नाकाला पहिल्या क्षणी जो थंड झणका लागतो तो याचाच. मोठ्या माणसाला याचं काही वाटत नाही, उलट नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं. लहान मुलांचं वेगळं. सिनिओल जास्त असलेलं कुठलंही तेल बाळाच्या किंवा लहान मुलाच्या चेहऱ्याला, नाकाखाली, चेहऱ्याजवळ लावायचं नाही, त्याने श्वास अडखळू शकतो, गुंगी येऊ शकते, फार क्वचित झटकेसुद्धा. बंगळुरूच्या न्यूरॉलॉजिस्टांनी निलगिरी आणि कापूर असलेल्या तेला-बामांमुळे फिट आलेल्या पेशंटची नोंद करून पेपर लिहिलेत, त्यात मोठी माणसंही आहेत. वेलचीच्या नावाने तशा केसेस माझ्या वाचनात नाहीत पण घटक तोच आहे, त्यामुळे घरात कुणाला फिट्स येत असतील तर हे तेल आणूच नये असं मी म्हणेन. अडीच वर्षांच्या मुलाच्या छातीला, नाकाला, तळव्याला, कुठेही नाही.

जाता जाता, ती पुरचुंडी करतात ना, ओवा आणि कापूर बांधून बाळाच्या उशाशी, त्यातला कापूर काढा. ओव्याला माझी हरकत नाही.

डिफ्युझर लावायचाच असेल तर तुम्ही हॉलमध्ये बसून लावा, १०० मिली पाण्याला तीन थेंब, अर्धा तास, खिडकी उघडी, आणि लेक त्या वेळी दुसऱ्या खोलीत किंवा खाली खेळायला. रात्री बंद एसी खोलीत सकाळपर्यंत चालू ठेवायचा हा प्रकार अजिबात नको. लोकांचं काय होतं की नाकाला वासाची सवय होते, दहा-पंधरा मिनिटांत वास यायचाच बंद होतो, मग वाटतं संपलं बहुतेक, अजून चार थेंब घाला. हवेत मात्र सगळं साठलेलंच असतं. मग डोकं दुखायला लागतं आणि माणूस त्यावर पेपरमिंट लावतो.

सासऱ्यांचं सरळ आहे, दमा असलेल्या माणसाला कुठलाही उग्र वास ट्रिगर होऊ शकतो, उदबत्ती असो नाहीतर फिनेल. ते घरात असताना लावू नका. त्यांना 'काही त्रास होतोय का' असं विचारून उपयोग नाही, आपल्याकडची सासरेमंडळी 'नाही गं' च म्हणणार.


शंकासुर

अरोमाथेरपी या शब्दातल्या 'थेरपी'लाच माझा आक्षेप आहे पण असो, हलकेच घ्या.

ताई, वास आवडतो म्हणून लावा, कोण नाही म्हणतंय. पण वेलचीच्या वासाने ताण जातो, झोप लागते, पचन सुधारतं, चक्रं उघडतात, हे जे डब्यावर छापतात त्यातलं फार थोडं कुणी तपासलंय. त्यातल्या त्यात बरा पुरावा मळमळीचा आहे, ऑपरेशननंतरची, केमोनंतरची मळमळ यावर वेलचीचा वास हुंगवून छोटे छोटे अभ्यास झालेत आणि काहींत फायदा दिसलाय. पण अशा चाचण्यांची एक गंमत असते. गोळीच्या चाचणीत साखरेची गोळी देऊन पेशंटला अंधारात ठेवता येतं, वासाच्या चाचणीत कसं ठेवणार, वास तर येतोच ना. ज्याला वेलची हुंगायला दिली त्याला कळतं आपल्याला औषध मिळालं, ज्याला पाणी दिलं त्यालाही कळतं. त्यामुळे आकडे बघताना मीठ चवीपुरतं घ्यावं.

घाटात गाडी लागण्यावर पुढच्या सीटवर बसा, काच खाली करा, मोबाइल बघू नका. फुकट आहे.

बाकी चालू द्या.


साबणवाली

नाशिकमध्ये घरगुती साबण आणि बाम बनवते, त्यामुळे या बाटल्या रोज हातात असतात. गोळीवाला दादांना पूर्ण अनुमोदन, मी फक्त त्वचेचं आणि बाटली ओळखायचं सांगते.

पहिलं म्हणजे 'थेराप्युटिक ग्रेड' अशी कुठलीही सरकारी ग्रेड नसते, कंपन्यांनी काढलेला शब्द आहे तो, त्यावर जाऊ नकोस. बाटलीवर बघायचं झाडाचं शास्त्रीय नाव, 'एलेटारिया कार्डामोमम', कुठल्या भागापासून काढलंय म्हणजे सीड, कसं काढलंय म्हणजे स्टीम डिस्टिल्ड (वाफेवर) की सीओटू (कार्बन डायऑक्साइड वापरून), बॅच नंबर आणि तारीख. यातलं काहीच नसेल आणि नुसतं नॅचरल लिहिलेलं असेल तर मी तरी ती बाटली अंगाला लावणार नाही. चांगले सप्लायर मागितला तर जीसी-एमएस रिपोर्ट, म्हणजे तेलातले घटक मोजणाऱ्या लॅब टेस्टचा रिपोर्ट, पाठवतात, त्यात सिनिओल किती, टर्पिनाइल अ‍ॅसिटेट किती, सगळं टक्क्यांत असतं. एका सप्लायरकडून (नाव घेत नाही) मला मागे जे 'वेलची तेल' आलं ते उघडल्या उघडल्या विक्ससारखं वास मारत होतं, रिपोर्ट मागितला तर गृहस्थ फोन उचलेनात.

घरी करून बघण्यासारखं एक आहे. कोरा पांढरा कागद घे, एक थेंब टाक, बाजूला वेलचीचा एक दाणा ठेचून ठेव. लगेच हुंग, मग अर्ध्या तासाने, मग रात्री झोपताना. खऱ्या तेलाचा आधी झणका येतो, निलगिरीच्या जवळ जाणारा, तो उडून गेला की मागे गोड, जरा लाकडासारखा, जरा लिंबाच्या सालीचा वास राहतो आणि ठेचलेल्या दाण्याशी तो जुळतो. नुसता मिठाईच्या दुकानासारखा एकसुरी गोड वास सकाळपर्यंत जशाच्या तसा आला तर तो सेंट आहे. आणि कागदावर दुसऱ्या दिवशी तेलकट गोल डाग पारदर्शक राहिला तर त्यात कुठलंतरी साधं तेल मिसळलंय. याने भेसळ शंभर टक्के पकडता येते असं नाही हं, हुशार भेसळवाले कृत्रिम टर्पिनाइल अ‍ॅसिटेट घालतात, ते नाकाला नाही कळत. ढोबळ माल तेवढा कळतो. आणि वाण्याकडे मिळतं ते वेलची एसेन्स, ते वेगळंच प्रकरण, पाण्यात टाकल्यावर सरळ मिसळून जातं, ते डिफ्युझरमध्ये घालायची वस्तू नाही.

अंगाला लावायचं असेल, म्हणजे तुला, लेकाला नाही, तर नुसतं तेल कधीच नाही. साधा हिशोब, चहाच्या एका चमच्यात ५ मिली मावतं, तेवढ्या तिळाच्या किंवा खोबरेल किंवा बदामाच्या तेलात एक थेंब म्हणजे एक टक्का. ३० मिलीच्या बाटलीत सहा थेंब. मानेला खांद्याला चोळायला एवढं भरपूर होतं, दोन टक्क्यांच्या वर जायचं कारणच नाही, आणि चेहऱ्यासाठी त्याच्याही निम्मं. आधी हे मिसळलेलं तेल कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबायचं, लाल झालं, खाजलं तर विषय संपला. चुकून नुसतं तेल लागून चुरचुरलं तर आधी साधं खोबरेल लावून पुसून घ्यायचं आणि मग साबण-पाणी, कारण नुसत्या पाण्याने ते निघत नाही. डोळ्यात गेलं तर मात्र साध्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवत राहायचं आणि डॉक्टरकडे.

आंघोळीच्या बादलीत थेंब टाकायचं पण एक फॅड आहे. तेल वर तरंगतं आणि पहिला तांब्या घेतला की बरोब्बर नको तिथे लागतं, पुढचं सांगत नाही.

एक चांगली गोष्ट, लिंबू किंवा बर्गमॉटच्या (लिंबासारखंच एक फळ) सालीतून दाबून काढलेल्या तेलासारखं हे उन्हात त्वचा भाजवत नाही, त्यामुळे लावून बाहेर पडलीस तर त्याची काळजी नको. पण जुनं तेल वापरू नकोस. यात लिमोनीन, लिनॅलूल हे वासाचे घटक असतात थोडे, ते हवेने ऑक्सिडाइझ होतात आणि जुन्या तेलानेच अ‍ॅलर्जी जास्त होते. गडद काचेची बाटली, झाकण घट्ट, फ्रिजमध्ये ठेवलीस तर उत्तम, आणि उघडल्यावर वर्ष-दीड वर्षात संपव.


मसालेदार_वाशी

वाशीच्या एपीएमसीत (घाऊक बाजारात) मसाला मार्केटला आहे, वेलची रोज बघतो म्हणून दोन पैसे माझेही.

वर २०० ग्रॅमचा हिशोब दिलाय तो बरोबर आहे आणि त्यावरून भाव पण काढता येतो. समजा वेलची अडीच हजार रुपये किलो धरली, भाव रोज बदलतो पण समजा, तर १० मिलीला नुसता कच्चा माल पाचशेचा झाला. डिस्टिलरीवाले अर्थात ८ मिमीचा बोल्ड, म्हणजे मोठ्या दाण्याचा, हिरवागार माल भट्टीत घालत नाहीत, तो गल्फला नाहीतर मिठाईवाल्याला जातो, तेलाला फुटका, फिका, बारीक माल जातो, तो स्वस्त पडतो, दाणा चांगला असला म्हणजे झालं कारण तेल दाण्यात असतं, सालात नावाला. तरी पण वाफ, मजुरी, बाटली, दुकानदाराचं मार्जिन धरून १० मिली दीडशे-दोनशेला कुणी देत असेल तर मला सांगा मी पण घेतो.

माल येतो तो मुख्यतः केरळच्या इडुक्कीतून, स्पायसेस बोर्डाचा ई-लिलाव पुट्टडीला आणि तिकडे तमिळनाडूत बोडीनायकनूरला होतो, आणि जगात सगळ्यात जास्त पिकते ती ग्वाटेमालात, जिथे ती शंभरेक वर्षांपूर्वी आपल्याकडच्याच बियाण्यावर गेली असं म्हणतात. तेलाचा वास जातीवर पण बदलतो, मलबार जातीत सिनिओल जास्त म्हणून वास जरा कापरासारखा, म्हैसूर जातीत गोडवा जास्त. म्हणजे कापरासारखा वास आला म्हणून लगेच खोटं म्हणू नका साबणवाली ताई, पण विक्ससारखा आला असेल तर मात्र गडबडच.

अजून एक. मसाला वेलदोडा, तो काळा मोठा बिर्याणीचा, त्याचं तेल वेगळं, त्यात सिनिओल याच्यापेक्षा बरंच जास्त असतं. कुणी 'वेलची तेल' म्हणून ते खपवलं तर तुमचा पोराबाळांचा जो हिशोब आहे तो अजून बिघडतो. शास्त्रीय नाव बघायचं म्हणतात ते याच्यासाठी.


मनीमाऊ_ठाणे

मांजर कुणाकडे आहे का इथे? कारण त्याबद्दल कुणीच बोललं नाही. मांजरीचं लिव्हर या तेलातले बरेच घटक आपल्यासारखे बाहेर टाकू शकत नाही, ते साठत जातात. डिफ्युझरच्या धुक्यातले बारीक थेंब तिच्या अंगावर बसतात आणि मग ती स्वतःला चाटते, म्हणजे पोटातच गेलं. लाळ गळणं, चालताना झोक जाणं, सुस्त पडणं असं दिसलं तर लगेच व्हेटकडे. पोपट, लव्हबर्ड वगैरे असतील तर त्या खोलीत तर नकोच नको, पक्ष्यांची फुफ्फुसं फार नाजूक.

धागाकर्तीकडे मांजर नाहीये हे माहीत आहे, वाचणाऱ्यांसाठी लिहिलं.


नर्सबाई

बालरोग वॉर्डात काम केलंय, दोन गोष्टी राहिल्यात असं वाटलं.

एक म्हणजे बाटली. या १० मिलीच्या बाटल्या दिसायला अगदी कानाच्या ड्रॉपसारख्या किंवा लहान मुलांच्या ड्रॉपवाल्या औषधासारख्या असतात, आणि आपल्याकडे सगळं एकाच स्टीलच्या डब्यात किंवा फ्रिजच्या दारात. रात्री दोन वाजता लेकरू रडतंय, लाइट लावायचा नाही म्हणून अंधारात हात घालायचा, की झालं. फ्रिजमध्ये ठेवायचं तर वेगळ्या डब्यात, वरच्या कप्प्यात, औषधांच्या जवळ नाही. आणि वेलचीचा वास गोड असतो, पोरांना वाटतं खाऊ. पेपरमिंटला पोर तोंड वाकडं करेल, वेलचीला नाही करणार.

समजा प्यायलंच तर उलटी काढायची नाही. मीठ-पाणी नाही, घशात बोट नाही, 'विष उतरतं' म्हणून दूध नाही. हे तेल इतकं पातळ असतं की उलटीच्या वेळी किंवा ठसका लागून ते फुफ्फुसात उतरू शकतं, आणि तो न्यूमोनिया पोटात गेलेल्या तेलापेक्षा वाईट. तोंड पुसा, बाटली सोबत घ्या, किती गेलं असेल त्याचा अंदाज सांगा, आणि सरळ हॉस्पिटल. मूल झोपाळू झालं, खोकतंय, श्वास वेगळा वाटतोय तर १०८ लावा, वाट बघत बसू नका.

दुसरं, वाफारा. सर्दीला गरम पाण्याच्या पातेल्यात थेंब टाकून डोक्यावर टॉवेल हे मोठ्यांनी करावं, डोळे मिटून, एकच थेंब. लहान मुलाला पातेल्यासमोर बसवूच नका. तेलाचा प्रश्न नंतरचा, आधी पातेलं अंगावर उलटतं. भाजलेली अशी पोरं हिवाळ्यात वॉर्डात येतातच. अडीच वर्षांच्या पोराला सर्दीत सलाइनचे नाकाचे थेंब, डोकं जरा वर, भरपूर पाणी-पेज, एवढंच लागतं बहुतेक वेळा.


चिपळूणची_लेक

बाप रे, एवढं सगळं येईल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. सासूबाईंना गोळीवाला दादांचा २०० ग्रॅमचा हिशोब वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, एवढी वेलची एका बाटलीत घालवली, मेल्यांना काही वाटत नाही का. म्हणजे त्यांना पटलं पण वेगळ्याच कारणासाठी.

कागदाची टेस्ट केली. पहिला झणका आला, रात्रीपर्यंत वास बऱ्यापैकी कमी झाला, पण सकाळी कागदावर तेलकट गोल डाग आहे तो आहे. म्हणजे काय समजायचं, साधं तेल मिसळलेलं? आणि मिसळलेलं असेल तर उलट चांगलंच ना, आपोआप पातळ झालेलं?

घाटाचं कुणीतरी नीट सांगा, दोन आठवड्यांनी निघायचंय. शंकासुर दादा, पुढच्या सीटवर सासरे बसतात, तिथे माझं काही चालत नाही. आणि बहिणीला तिसरा महिना आहे, तिला मळमळ फार होते, तिच्यासाठी पण विचारतेय.


साबणवाली

नाही गं, चांगलं कसं. किती मिसळलंय ते माहीत नाही, कुठलं तेल ते माहीत नाही, मग थेंबांचा हिशोब कशावर करणार? आणि साधं तेल मिसळलेलं असेल तर ते डिफ्युझरमध्ये घालू नकोस, त्या धुकं करणाऱ्या चकतीवर चिकट थर बसतो आणि मशीन बिघडतं, शिवाय तेलाचे बारीक कण हवेत उडवून श्वासात घेणं हे पण काही बरं नाही. डिफ्युझर तसाही प्रत्येक वेळी रिकामा करून पुसायचा, आठवड्यातून एकदा स्पिरिटच्या बोळ्याने, नाहीतर शिळ्या पाण्यात बुरशी धरते आणि आपण तीच हुंगत बसतो. मच्छर पळवायच्या मशीनच्या रिकाम्या बाटलीत भरून लावायची आयडिया पण फिरतेय हल्ली, ती करू नकोस, ते गरम होणारं यंत्र आहे आणि हे पेट घेणारं तेल.

ती बाटली चपलांच्या कपाटात कापसाच्या बोळ्यावर वापरून टाक, लेकाचा हात पोचणार नाही अशा वरच्या फळीवर.


गोळीवाला

घाटाबद्दल. गाडी बंद जागा आहे, त्यामुळे एसीच्या जाळीवर थेंब टाकणं, गाडीत लटकवायच्या बाटलीत भरणं हे नको, सगळ्यांना सक्तीने हुंगावं लागतं, ड्रायव्हरलासुद्धा, आणि पुढच्या सीटवर दम्याचा माणूस आहे हे तुम्हीच सांगितलंत. नुसतं तेल प्लास्टिकवर सांडलं तर डॅशबोर्डवर डाग पडतो ते वेगळंच. चांगलं तेल मिळालं तर तुमच्यापुरतं, कागदी रुमालावर एक थेंब, तो झिपच्या पिशवीत, मळमळ वाटली की पिशवी उघडून दोन-तीन श्वास आणि परत बंद. नाकाला चिकटवायचा नाही, वीतभर लांब. उन्हाळ्यात बाटली गाडीच्या कप्प्यात विसरू नका, तेल तापून खराब होतं.

लेकाला तेल नाही. त्याच्यासाठी अख्ख्या वेलच्या ठेचून मलमलच्या फडक्यात घट्ट बांधा आणि पुरचुंडी तुमच्या हातात ठेवा, त्याच्या नाही, दाणे बाहेर पडले तर तोंडात जाणार आणि घशात अडकणार. वास पुरेसा येतो. खरं सांगायचं तर मला विचाराल तर तुम्हीसुद्धा हेच करा, बाटलीपेक्षा बरं. निघण्याआधी पोट तुडुंब भरू नका आणि अगदी रिकामंही ठेवू नका. पाटणपर्यंत झोप काढून घाट सुरू व्हायच्या आधी एक थांबा घेतलात तर अर्धं काम होतं.

बहिणीसाठी, पहिल्या तीन महिन्यांत तेल अंगाला लावणं नको, पोटात तर नाहीच. दाणा चावणं किंवा ठेचलेली वेलची हुंगणं चालतं, जेवणात घालतो तेवढी खायलाही काही नाही. पण त्या महिन्यांत कालचा आवडता वास आज नकोसा होतो, तेव्हा तिला आधी विचारा. उलट्या थांबतच नसतील, पाणी टिकत नसेल, लघवी कमी झाली असेल तर वेलची-बिलची बाजूला ठेवून त्याच दिवशी गायनॅककडे.


शंकासुर

शेवटी सगळं येऊन ठेचलेल्या वेलचीवरच थांबलं की. मी काय वेगळं म्हणत होतो.

अवांतर: सासऱ्यांना मागे बसवायला 'तुम्हाला मागे एसी चांगला लागतो' असं सांगून बघा.


मसालेदार_वाशी

ठेचायचीच आहे तर चांगली आणा. किराण्याच्या पाकिटातली पूड नको, पूड केली की तेल उडायला लागतं आणि महिन्याभरात भुसा राहतो. अख्खी घ्या, एक फोडून बघा, दाणे काळपट तपकिरी, जरासे चिकट आणि भरलेले पाहिजेत. सुकून करडे पडलेले, खुळखुळ वाजणारे घेऊ नका, साल कितीही टवटवीत असू दे. फार भडक हिरवी दिसली तर ओल्या पांढऱ्या रुमालात दोन-चार वेलच्या चोळा, रुमालाला हिरवा रंग लागला तर परत करा.